बारा नोंदी

शाळेत त्यांना नाव पडलं होतं कशावरूनबाई. खरं नाव हजेरीपटाच्या पहिल्या पानावर होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. "बाई, पृथ्वी गोल आहे." "कशावरून?" "बाई, हा माझी पेन्सिल चोरतो." "कशावरून?" "बाई, मला जोराची लागलीय." इथे मात्र त्या कशावरून विचारत नसत, एवढी दया त्यांच्यात होती.

सव्वीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं, आणि सव्वीस वर्षांत एका पोराला सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ. लहानपणी त्यांना एका गुरुजींनी, हा प्रश्न विचारला म्हणून, वर्गाबाहेर उभं केलं होतं. "पुस्तकात लिहिलंय म्हणून!" असं ओरडले होते ते. तो अपमान बाईंनी असा जपला, की पुढे आपल्या वर्गात पुस्तक त्या शेवटी उघडायच्या. आधी प्रश्न, मग हात काळे करणं, मग भांडण, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी, तेही पुस्तकाच्या चुका काढायला. मग लोक बोलायचे थांबतात होय? एक पालक तर शाळेत येऊन तावातावाने म्हणाला, "शिकवायचा पगार तुम्ही घेता आणि उत्तरं आमच्या पोरांना विचारता? असं काम मलाही जमेल की!" बाई शांतपणे म्हणाल्या, "कशावरून?" हेडसरांना तेव्हा खिडकीकडे तोंड करून हसावं लागलं.

घरीही तोच खाक्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसलेला. "अगं, चहात साखर घातलीस का?" "चाखून बघा." तो बिचारा म्हणायचा, "तीस वर्षं झाली लग्नाला, एकदा तरी हो नाहीतर नाही म्हण गं. माणसाला कधीकधी नुसतं उत्तर हवं असतं." बाई हसून सोडून द्यायच्या. तेव्हा ऐकलं असतं तर! पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं?

बाईंचा जीव होता तो सातवीच्या प्रकल्पावर. दरवर्षी प्रत्येक पोराने स्वतःचा एक प्रश्न शोधायचा, तो कागदावर लिहायचा, कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं आणि बाईंच्या कपाटात ठेवायचं. आत काय आहे ते बाईंनासुद्धा सांगायचं नाही. कारण बाई स्वतःला ओळखून होत्या. विषय कळला की त्यांच्या तोंडून काहीतरी निसटणार, आणि पोरगं त्याच वाटेने जाणार. मग तो शोध पोराचा कसला? प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं, असा नियम.

दुसरा नियम बारा नोंदींचा. एका वर्षी एका पोराने दोन दिवस मांजर पाहून 'मांजर दूध पीत नाही' असा निष्कर्ष काढला होता, आणि प्रदर्शनाच्या दिवशी त्याच मांजराने भर वर्गात शिक्षण खात्याच्या साहेबांच्या कपातलं दूध फस्त केलं. तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहिलेलं असायचं: 'दोन नोंदी म्हणजे अफवा, चार म्हणजे गप्पा, बारा म्हणजे पुरावा.' आठवड्याला एक, अशा बारा. बारा झाल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

आणि काय एकेक प्रश्न निघायचे त्या पाकिटांतून! एकाने, बाबांचं 'पाच मिनिटांत आलोच' म्हणजे किती मिनिटं, ते मोजलं होतं. सरासरी त्रेचाळीस आली. त्याचे बाबा प्रदर्शनालाही उशिरा आले, तेव्हा तेरावी नोंद तिथल्या तिथे झाली. पोरं खदाखदा हसली. पण तोच पोरगा पुढे आकडेमोडीत असा पक्का झाला, की हेडसर शाळेचं वेळापत्रक त्याच्याकडून तपासून घ्यायचे. तेव्हा पद्धत वाईट होती असं कुणी म्हणू नये. वाईट झालं ते वेगळंच.

त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. वर्ग तिला मुंगी म्हणायचा, कारण ती एवढीशी, आवाज नाही, आणि हात सतत कशात तरी गुंतलेले. वडील ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नाहीत. आई घरीच काज-बटणाचं काम करायची. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, ती बटणं लावून परत पाठवायची. एक खोली, खिडकीखाली मशीन, मशीनपाशी बटणांचा पत्र्याचा डबा. शाळेतून आली की मुंगी त्या डब्यात हात घालून बटणं मापाप्रमाणे वेगळी करायची. चार वर्षं ही पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती. बाईंच्या हाताखाली आली आणि पहिल्याच महिन्यात तिने हात वर करून विचारलं, "बाई, बटणाला कुठे दोन भोकं असतात, कुठे चार. का?" बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मुंगी लाल लाल झाली. त्या दिवसापासून बाईंचा शब्द तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

आता तिच्या पाकिटात काय होतं ते सांगूनच टाकलेलं बरं. बाईंना ते बारा आठवडे कळलं नाही, पण तुम्हाला कळायला हवं. तिच्या आईच्या मानेवर, कानाच्या खाली, एक गाठ आली होती. मुंगीने लिहिलं होतं: 'आईच्या गळ्याची गाठ वाढते की तेवढीच राहते?'

गाठ दुखत नव्हती. तिथेच घात झाला. आई म्हणायची, "दुखत नाही ना? मग सोड. एवढे गठ्ठे उरकू देत." मुंगी मागे लागली, "डॉक्टरकडे जाऊ या ना गं." तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या बाई एवढ्या शिकलेल्या आहेत, त्यांना विचार. त्या जा म्हणाल्या तर उद्या जाऊ. पण माझं नाव घेऊ नकोस हं. आजारी आहे असं कारखान्यात कळलं तर गठ्ठे दुसरीकडे जातील." म्हणजे सगळं येऊन थांबलं ते बाईंच्या एका शब्दापाशी. आणि बाई तर शब्द न देण्याबद्दल प्रसिद्ध!

मुंगी दर रविवारी सकाळी आईला खिडकीपाशी बसवायची. गाठीवर आडवा दोरा धरायचा, बोटाच्या चिमटीत माप पकडायचं, आणि डब्यातून त्याच रुंदीचं बटण शोधून काढायचं. आई हसायची, "काय गं, माझ्या गळ्याला काज करतेस काय?" पहिल्या रविवारचं बटण शर्टाच्या कॉलरचं होतं, बारकं. ते तिने प्रकल्पाच्या कापडी तक्त्यावर शिवलं आणि खाली तारीख घातली. दुसऱ्या रविवारी शर्टाचं साधं बटण. तिसऱ्या रविवारीही तेच. मुंगीला वाटलं, थांबली वाटतं. चौथ्या रविवारी ते बटण पुरलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती बाईंच्या टेबलाशी आली. "बाई, वाढणारी गोष्ट आपोआप थांबते का?"

बाईंचा चेहरा खुलला. असे प्रश्न विचारणारी पोरं वर्षातून एखादी. "तुला काय वाटतं?"

"कधी थांबते, कधी नाही."

"कशावरून?"

"माहीत नाही."

"मग मोजत राहा की राणी. किती नोंदी झाल्या?"

"चार."

"चार म्हणजे?"

"गप्पा," मुंगी म्हणाली आणि परत गेली. घरी आईने विचारलं, "काय म्हणाल्या बाई?" मुंगी म्हणाली, "मोजत राहा म्हणाल्या." आईला बरंच वाटलं. काळजीचं असतं तर बाई तसं म्हणाल्या असत्या का?

सातव्या आठवड्यात बटण पँटचं झालं. मुंगी पुन्हा आली. या वेळी तिने धीर करून सुरुवात केली, "बाई, माझा विषय ना, आमच्या घरी…"

"श्श!" बाईंनी कौतुकाने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "पाकीट! फुटलं तर मजा गेली."

त्या बोटाचं पुढे बाईंनी काय केलं असेल? काही नाही. बोट जिथल्या तिथे राहिलं, खडू धरत राहिलं. पण पुढे ते बोट नजरेला पडलं की त्या मूठ मिटून घ्यायच्या.

नवव्या आठवड्यात ती शेवटची आली. शाळा सुटली होती, बाई पिशवी भरत होत्या, घाईत होत्या. "बाई, नऊ झाल्या. आता थांबायचं, की कुणाला तरी विचारायचं?"

"नऊ झाल्या? शाबास! आता तीनसाठी काय विचारतेस? निष्कर्ष तुझा तूच काढायचा. मला माहितीय, तुला जमणार." बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते बाईंना दिसलंसुद्धा. अभ्यासाची एवढी तळमळ, असं वाटून त्यांनी रात्री जेवताना नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. नवरा म्हणाला, "अगं, रडत होती तर काय झालं ते विचारायचंस ना." बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचं." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. वर्गातले बाक भिंतीला लावले होते, तक्ते टांगले होते, शिक्षण खात्याचे साहेब आले होते. मुंगीचा तक्ता खिडकीजवळ होता. पांढऱ्या जाड कापडावर बारा बटणं ओळीने शिवलेली, बारकं ते मोठं, शेवटचं थेट ओव्हरकोटाचं. प्रत्येकाखाली तारीख, मिलिमीटर, आणि मापाचा दोरा टाचलेला. सबंध प्रदर्शनात एवढा नेटका तक्ता दुसरा नव्हता. साहेब म्हणाले, "वा! बटणांचा इतिहास का?" मागे मुंगीची आई उभी होती, गळ्याला रुमाल गुंडाळून. वर्गात न बोलणारी आपली पोरगी आज चारचौघांत बोलणार, म्हणून हातातलं काम टाकून आली होती.

बाई अभिमानाने पुढे झाल्या. "बटणं नाहीत साहेब, कशाची तरी वाढ आहे ही. बघा, सहाव्या आठवड्यानंतर वेग कसा वाढलाय! सांग बाळ, काय मोजलंस?"

मुंगीने आईकडे पाहिलं. मग पाकीट फोडलं आणि आतला कागद स्पष्ट आवाजात वाचला. "आईच्या गळ्याची गाठ वाढते की तेवढीच राहते? बारा नोंदींवरून निष्कर्ष: वाढते. बाई, आता विचारू का? आता डॉक्टरकडे जायचं का?"

साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. आई कसनुसं हसत म्हणाली, "अहो, काही नाही हो बाई, दुखत नाही ती." बाईंनी तिच्या गळ्याचा रुमाल सोडला. आणि ज्या बाईंनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "रिक्षा! अरे कुणीतरी रिक्षा बोलवा!"

पुढचं सांगवत नाही, पण सांगायला तर हवं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चार दिवसांनी बाईंना एकटीला आत बोलावलं. ट्रकवरचे वडील बाहेर बाकावर डोकं धरून बसले होते, ते काही समजण्याच्या अवस्थेत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "छातीपर्यंत पसरलंय. पहिल्या महिन्यात आणलं असतं तर ही बाई बरी झाली असती. या जातीची गाठ औषधांना दाद देते." सवयीने बाईंच्या तोंडून निघून गेलं, "कशावरून?" डॉक्टरांनी टेबलावरचा मुंगीचा तक्ता त्यांच्याकडे सरकवला. "यावरूनच. इतकी व्यवस्थित नोंद मी आजवर पाहिली नाही. या बटणापर्यंत वेळ हातात होता." त्यांनी चौथ्या बटणाखाली पेन टेकवलं.

बाई रोज दवाखान्यात जायच्या, डबा घेऊन. आईला गिळवत नव्हतं तरी न्यायच्या. एके दिवशी त्यांनी तिच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. ते बोट, ते 'श्श', ते नऊ नोंदींचं शाबास. "माझ्यामुळे झालं हे. मला शिव्या दे, काहीही दे." आईने ऐकून घेतलं. तिचा आवाज तोपर्यंत बसला होता. ती म्हणाली, "बाई, पण पोरगी हुशार आहे ना हो? एकही रविवार चुकवला नाही तिने." शिव्या दिल्या असत्या तर बाईंना घरी जाऊन झोप तरी लागली असती.

दवाखान्यात नेल्यापासून सातव्या आठवड्यात आई गेली.

बाई शाळेत परत आल्या त्या वेगळ्याच. फळ्याच्या कोपऱ्यातलं ते वाक्य त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं. कपाटातली कोरी पाकिटं फाडून टाकली. वर्गात येऊन खुर्चीत बसायच्या, पुस्तक उघडायच्या आणि म्हणायच्या, "लिहून घ्या." पोरं एकमेकांकडे बघायची. एकाने मुद्दाम खोडी काढली, "बाई, पृथ्वी चौकोनी आहे." बाई म्हणाल्या, "गोल आहे. लिही." पोराने निमूट लिहिलं. तो पालक मात्र खूश झाला, म्हणाला, आता कुठे शिकवायला लागल्या. हेडसरांनी एकदा समजावून पाहिलं, "बाई, अपघात झाला. तुमच्या शिकवण्यावर का राग काढता?" बाई म्हणाल्या, "सर, पोरगी तीनदा आली होती हो माझ्याकडे. तीनदा." घरी नवऱ्याने चहाचं विचारलं की त्या लगेच सांगायच्या, "घातलीय, दोन चमचे." नवऱ्याला तीस वर्षं हवं होतं ते मिळालं, आणि तो कप हातात धरून रडला.

मुंगी पंधरा दिवसांनी शाळेत आली. डोळे कोरडे, वेण्या तिच्या तिने घातलेल्या, वाकड्या. बाई तिच्याशी बोलायला धजावत नव्हत्या. आणखी दोन आठवडे गेले आणि एका दुपारी, वर्ग रिकामा झाल्यावर, ती टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात तो तक्ता होता, दवाखान्यातून परत आलेला. चौथ्या बटणाखाली डॉक्टरांच्या पेनाचा निळा ठिपका होता.

"बाई, एक विचारायचंय."

"विचार बाळ. काहीही विचार. मी सांगेन." बाईंनी तिला जवळ घेतलं, आणि या वेळी उत्तर द्यायचंच, असं मनाशी घट्ट ठरवलं.

"चौथ्या बटणाच्या वेळी मी नियम मोडून तुम्हाला सगळं सांगितलं असतं, तर आई वाचली असती का?"

बाईंना ठिपका दिसत होता. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे आठवत होते. समोर बारा वर्षांची पोर होती आणि तिला अजून सगळं आयुष्य काढायचं होतं. जन्मभर एकही खोटी गोष्ट वर्गात न बोललेल्या बाई म्हणाल्या, "नाही गं बाळ. नसती वाचली. कधीच नसती वाचली."

मुंगीने मान हलवली. तिला ते उत्तर हवं होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, फार हवं होतं. तिने दप्तरातून वही काढली, कोरं पान उघडलं, वर तारीख घातली, 'निष्कर्ष' असा शब्द लिहिला. मग पेन्सिल थांबली. तिने बाईंकडे पाहिलं आणि अगदी हळू, बाईंनीच शिकवल्यासारखं विचारलं,

"कशावरून, बाई?"

मुंगी पेन्सिल धरून उभी राहिली. तिला घाई नव्हती.